स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावर : हात, अंग आणि घर पुन्हा मार्गी लावताना

किरणोपचाराचा शेवटचा 'शेक' झाला, फाइलवर पुढच्या तपासणीची तारीख पडली आणि परतताना टेकडीच्या गणपतीपुढे नारळ फुटला, की घरच्यांच्या लेखी आजारपण संपते. ज्या बाईने ते सोसले तिच्या लेखी मात्र ते त्या दिवशी संपत नाही. आठ-दहा महिने दर आठवड्या-पंधरवड्याला कोणी ना कोणी तिच्याकडे पाहत असते, रक्त तपासत असते. मग "आता तीन महिन्यांनी या" एवढे सांगून ते सगळे थांबते, आणि खांद्याचा ताठरपणा, तळपायाच्या मुंग्या, झोपेनेही न जाणारा थकवा आणि पुन्हा होईल का ही धास्ती तिच्या एकटीच्या वाट्याला येते. नागपुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ज्या बायका माझ्याकडे आल्या, त्यांतल्या अनेकींच्या हाताचे नुकसान घरच्यांच्या प्रेमानेच झालेले मी पाहिले. "तू हात हलवू नकोस, आम्ही आहोत ना" हे वाक्य ज्या घरात महिना-दोन महिने ऐकू येते, त्या घरातल्या बाईचा खांदा आखडतो.

माझ्या स्वतःच्या काकूंचे असेच झाले. मी तेव्हा शिकत होते. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी सुना-मुलींनी त्यांना पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही, आणि रुग्णालयातून घरी सोडताना व्यायामाबद्दल कोणी एक शब्दही सांगितला नव्हता. काकू उजवा हात कोपरात वाकवून पोटाशी धरून बसत. किरणोपचाराच्या आखणीचे स्कॅन करायला गेलो, तेव्हा दोन्ही हात डोक्यावर घेऊन निजायचे होते आणि काकूंचा हात खांद्याच्या रेषेपर्यंतसुद्धा पोचेना. तीन आठवडे आधी हात सोडवण्यात गेले, तेही रडत-कण्हत. जे काम पहिल्या दिवसापासून रोज दहा मिनिटांत झाले असते, त्याची ती किंमत होती.

हात : पहिल्या दिवसापासून

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी अंगात असतानाच, मूठ उघडणे-मिटणे, मनगट गोल फिरवणे, कोपर वाकवून सरळ करणे, दोन्ही खांदे वर उचलून मागे सोडणे आणि पोटापर्यंत खोल श्वास घेणे एवढे सुरू करायचे असते. नळी निघेपर्यंत कोपर खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नये, कारण त्याने जखमेत पाणी साठण्याचा धोका वाढतो. दात घासणे, जेवणे, केसांतून कंगवा फिरवणे ही कामे मात्र त्याच हाताने करावीत. प्लास्टिक सर्जरीने स्तन पुन्हा घडवला असेल, तर पोट किंवा पाठ यांच्या हालचालींवर वेगळी बंधने असतात. ती सर्जनकडून कागदावर लिहून घ्यावीत.

नळी आणि टाके निघाल्यावर, सर्जनची परवानगी मिळताच, भिंतीचा व्यायाम सुरू करावा. स्वयंपाकघरातली एखादी रिकामी भिंत निवडा. भिंतीकडे तोंड करून वीतभर अंतरावर उभ्या राहा आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताची बोटे मुंगी चढावी तशी भिंतीवर चढवत न्या. जिथे काखेत आणि छातीवर ताण जाणवेल, पण कळ येणार नाही, तिथे थांबून सावकाश पाच श्वास घ्या आणि बोटे त्याच वाटेने खाली आणा. हात एकदम सोडून देऊ नका. जिथवर पोचलात तिथे पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. असे पाच ते दहा वेळा, दिवसातून दोनदा. काही दिवसांनी भिंतीला कूस देऊन उभे राहून तोच व्यायाम बाजूने करा. हा अधिक अवघड जातो आणि नेमका हाच टाळला जातो. माझ्या एका रुग्णाच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी अशा एकोणीस खुणा होत्या. सर्वांत खालची मीठ-मसाल्याच्या फळीजवळ आणि सर्वांत वरची, सहा आठवड्यांनंतरची, तिला स्टुलावर न चढता गव्हाचा डबा काढता येऊ लागला त्या कप्प्याशी. घर रंगवताना तिने तेवढी भिंत सोडायला सांगितली.

दुसरा व्यायाम निजून करायचा. लांब छत्री किंवा काठी दोन्ही हातांनी धरून कोपरे सरळ ठेवत डोक्याच्या मागे न्यायची. चांगला हात दुसऱ्याला उचलायला मदत करतो. किरणोपचार चालू असतानाही आणि नंतरही हे व्यायाम थांबवू नयेत, कारण किरणांमुळे कातडीखालच्या भागात येणारा कडकपणा उपचार संपल्यावर कित्येक महिने वाढत राहू शकतो. जखम पूर्ण मिटल्यावर आणि किरणांनी काळवंडलेली कातडी सावरल्यावर, बोटांच्या पेरांनी व्रणावर थोडे खोबरेल तेल लावून हलक्या गोल हालचाली केल्यास व्रण खालच्या मांसाला चिकटत नाही.

काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या दिसू लागल्या तर घाबरू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत हे बऱ्याच जणींना होते आणि व्यायामाने बहुधा काही महिन्यांत जाते. हात दुखतो म्हणून तो वापरायचा थांबवणे एवढेच टाळायचे.

हाताची सूज

काखेतल्या ग्रंथी हातातून परतणारे लसिका नावाचे पाणी गाळून पुढे सोडतात. त्या काढल्या किंवा त्यांच्यावर किरण दिले, की पाण्याची वाट अरुंद होते आणि हातात सूज येऊ शकते. तिलाच लिम्फिडीमा म्हणतात. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढलेल्या साधारण पाच जणींपैकी एकीला ती कधी ना कधी येते. केवळ एक-दोन ग्रंथी तपासणीसाठी काढल्या असतील तर हे प्रमाण बरेच कमी असते. ती पहिल्या दोन-तीन वर्षांत येण्याची शक्यता जास्त, पण दहा वर्षांनीही येऊ शकते. सुरुवातीला पकडली तर ती आटोक्यात राहते, म्हणून मोजमाप ठेवणे महत्त्वाचे आहे. शिंप्याची टेप घ्या. मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर आणि कोपराच्या वर दहा सेंटिमीटर अशा ठरलेल्या जागी दोन्ही हातांचा घेर महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी मोजून वहीत लिहा. उजवा-डावा हात मुळातच सारखा नसतो, म्हणून पहिले माप शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीचे असावे. एखाद्या जागी दोन सेंटिमीटरचा फरक पडला, किंवा त्याआधीच हात जड वाटू लागला, बांगडी रुतू लागली, बाही घट्ट झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

यावर उपचार आहेत : पट्ट्या बांधणे, लसिकेला वाट करून देणारे हलके विशेष मर्दन, मापाची दाब देणारी बाही आणि व्यायाम. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. मालिशवालीकडून तेल लावून रगडून घेणे तर कटाक्षाने टाळावे. नागपुरातल्या उन्हाळ्यात, विशेषतः मेअखेरच्या नवतपात, ती बाही अंगावर ठेवणे किती जिकिरीचे असते ते मी रोज पाहते. तरी उष्णतेने सूज वाढते, म्हणून नेमक्या त्या दिवसांत ती काढून कपाटात ठेवणे परवडत नाही. दोन बाह्या घ्या, रोज धुतलेली घाला, दुपारी कूलरसमोर हात उशीवर उंच ठेवून पडा, आणि बाही सैल पडली की बदला. साधारण सहा महिन्यांत तिचा दाब उतरतो.

आता वजनाबद्दल. "आयुष्यभर एक किलोच्या वर काही उचलू नका" हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो जुना आहे. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी काहींनी आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली आणि हळूहळू वाढवत वजने उचलली; त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही आणि सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमीच आढळले. अट एकच, की वजन पायरीपायरीने वाढवायचे. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात करा आणि दोन आठवडे काही त्रास नसेल तर पुढे जा. सहा महिने हात न हलवता एके दिवशी दहा बादल्या पाणी कूलरमध्ये ओतले किंवा उन्हाळ्यात गच्चीवर दिवसभर कुरड्या घातल्या, तर सूज येऊ शकते. हाताला काम द्यावे, पण त्याची तयारी आधी करून घ्यावी.

कातडी मात्र जपली पाहिजे, कारण त्या हातात जंतुसंसर्ग लवकर पसरतो. भाजी विळीवर, आपल्या भाषेत पावशीवर, चिरत असाल तर जपून. कुंडीत काम करताना आणि भांडी घासताना हातमोजे. काखेतले केस ब्लेडने काढू नयेत. डास चावला तर खाजवू नये. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बांगड्या भरायच्याच असतील तर त्या हातात मोजक्या आणि सैल असाव्यात; कासार साबण लावून मूठ दाबून काचेच्या बांगड्या चढवतो तो प्रकार त्या हातावर नको. हात लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिक उशिरा सुरू झाले तर सूज कायमची वाढून बसू शकते.

थकवा, पाय आणि विसराळूपणा

हा थकवा कामाने आलेला नसतो आणि पडून राहण्याने जात नाही. आतापर्यंतच्या संशोधनात त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय ठरला आहे तो व्यायाम. ज्या बाईला न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते तिला हे क्रूर वाटते, म्हणून सुरुवात लहान ठेवावी : अंगणात पाच मिनिटे, दुसऱ्या आठवड्यात सात, मग दहा. आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम हे अंतिम उद्दिष्ट आहे. तिथे पोचायला तीन-चार महिने लागले तरी हरकत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर ऊन झोंबते, तेव्हा साडेपाचला अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठाने, नाहीतर घराजवळच्या बागेत फिरावे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग बरोबर. एखादी शेजारीण सोबत ठरवली तर नेम टिकतो. योगासने अवश्य करावीत, त्याने झोप आणि मन दोन्ही सुधारते. मात्र हाडे ठिसूळ झाल्याचे सांगितले असेल तर पाठीला झटका देऊन पुढे वाकण्याची आसने टाळावीत.

पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोनंतर तळपाय बधिर राहतात. अशा पायांना चटका कळत नाही. मे महिन्यात अनवाणी गच्चीवर गेलेल्या किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातलेल्या बायकांच्या तळव्यांचे फोड मी पाहिले आहेत. घरातही चप्पल घाला, रोज रात्री तळवे पाहा, आंघोळीचे पाणी कोपराने अजमावा. रोज ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव केल्यास तोल सुधारतो.

नावे आठवत नाहीत, गॅसवर दूध विसरते, हेही उपचारांमुळे होते आणि बहुतेकींचे हळूहळू सुधारते. वहीत लिहा, एका वेळी एकच काम करा, आणि घरच्यांनी टोमणे मारू नयेत.

गोळ्या : पाच वर्षे म्हणजे पाच वर्षे

गाठ संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देणारी असेल, तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांपैकी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून किंवा सांधे दुखतात म्हणून ती मनाने बंद करणे ही मला सर्वांत धोक्याची चूक वाटते, कारण रोग परत येण्यापासूनचे मोठे संरक्षण त्याच गोळीत आहे. त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते. लेट्रोझोल गटातल्या गोळ्यांनी सकाळी बोटे आणि गुडघे आखडतात, त्यावर नियमित व्यायाम खरोखर उपयोगी पडतो. हाडे विरळ होतात म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल विचारावे. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच दाखवावे. तरुण स्त्रियांनी या काळात गर्भ राहू देऊ नये. मूल हवे असेल तर गोळी किती काळ थांबवता येईल हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. अंगातून वाफा निघाव्यात तसा दाह होतो, त्याला सुती कपडे, उशाशी पाण्याची बाटली आणि रात्री तिखट-चहा टाळणे यांचा आधार होतो.

हळदीबद्दल मला आवर्जून विचारले जाते. वरणा-भाजीतली हळद खुशाल खा. पण काळी मिरी घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेनचा रक्तातला अंश कमी करू शकतात, त्या नकोत. कोणतेही चूर्ण, काढा किंवा आयुर्वेदिक-होमिओपॅथिक औषध डॉक्टरांपासून लपवून घेऊ नका.

जेवणात पथ्यांचा बाऊ नको. "साखरेने गाठ वाढते", "दूध बंद करा" अशा सांगोवांगीत बायका वरण-भात-पोळी सोडतात आणि स्नायू गमावतात. दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या थोडे वर प्रथिने रोज हवीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ-सत्तर ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, यावरून किती खावे लागेल याचा अंदाज येईल. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर दही, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे-चिकन, ज्वारीची भाकरी, पालेभाज्या आणि हंगामात आपली संत्री. सोयाबीन अन्न म्हणून खाण्यात धोका नाही. वजन वाढू न देणे आणि दारू टाळणे, हे मात्र मनावर घ्या.

आरशासमोर

ही गोष्ट बायका माझ्याशी दार लावून घेतल्यावरच बोलतात. पूर्ण स्तन काढल्यावर एका बाजूचे वजन जाते, खांदा वर चढतो आणि मान-पाठ दुखते. म्हणून कृत्रिम स्तन केवळ दिसण्यासाठी नसतो. सुरुवातीला कापसाचा हलका वापरावा, जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सिलिकॉनचा घेता येतो. तो परवडत नसेल तर सुती कापडाची पिशवी शिवून त्यात कापूस आणि वजनासाठी थोडी मोहरी भरावी, आणि ओळखीच्या शिंपिणीकडून ब्लाउजला आतून खिसा लावून घ्यावा. मोहरी पावसाळ्यात बदलावी. पती-पत्नींच्या जवळिकीत कोरडेपणामुळे वेदना होत असतील तर पाण्यावर आधारित जेल औषधांच्या दुकानात मिळते. इस्ट्रोजेनची मलमे मात्र विचारल्याशिवाय नकोत. नवऱ्याने निदान एका तपासणीला आत येऊन बसावे. हा आजार स्पर्शाने लागत नाही आणि किरणोपचार घेतलेल्या बाईच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की अनेक घरांतली वेगळी अंथरुणे पुन्हा एक होतात.

तपासणीच्या आधीचा आठवडा झोप उडवतो. तसे होणे स्वाभाविक आहे; पण रडू, उदासी, जेवणावरची वासना जाणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा आणि टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे सांगा, कारण नैराश्यावरच्या काही गोळ्या तिचा परिणाम कमी करतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येते.

तपासण्या आणि प्रवास

पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांनी हाताने तपासणे आणि दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी), हा सर्वसाधारण क्रम आहे. तक्रार नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करण्याने आयुष्य वाढत नाही, खर्च आणि धास्ती मात्र वाढते. व्रणावर किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ, रात्री जागवणारे आणि आठवड्यांमागून आठवडे न थांबणारे हाडांचे दुखणे, चढत जाणारी धाप, न थांबणारी डोकेदुखी, कावीळ, यांपैकी काही दिसले तर तारखेआधी जा.

राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), मिहानमधले एम्स आणि जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट यांमुळे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतच्या बायका नागपुरात येतात. त्यांना व्यायामासाठी वारंवार येणे शक्य नसते. अशा वेळी फिजिओथेरपिस्टसमोर व्यायाम करतानाचे चित्रीकरण मुलीने स्वतःच्या मोबाइलवर करून घ्यावे. छापील कागदापेक्षा ते शंभर पटींनी उपयोगी पडते. एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहेच, रेल्वेच्या सवलतीसाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते.

हाताच्या मापांची वही फाइलीतच ठेवा. रक्तदाबाचा पट्टा आणि सुई यांनी सूज येते याचा पुरावा फारसा भक्कम नाही आणि आणीबाणीत तर हा विचारही करू नये. तरी दुसरा हात मोकळा असताना ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला उगाच टोचू देण्याचे कारण नाही. परिचारिकेने पट्टा उचलला, की तुम्हीच दुसरा हात पुढे करा.